डोळा आणि झाड

यंदा संक्रांतीस आमचा पुतण्या घरीं आला, तो तिळगुळाबरोबर एक कागदहि घेऊन आला. त्या कागदावर चार टेलिफोटो लेन्सांचीं नांवें, त्यांचे आंकडे आणि किंमती सुवाच्य अक्षरांत मांडलेल्या होत्या. नोकरीस लागून त्यास दोन वर्षें झालीं. शिल्लक टाकलेल्या पैशांतून क्रिकेटच्या सामन्यांचीं आणि रानांतल्या पशुपक्ष्यांचीं छायाचित्रें घेण्याजोगी एक लेन्स त्यास घ्यावयाची आहे. आम्ही पेशानें तर्कशास्त्राचे अध्यापक. तथापि विद्यार्थिदशेपासून कॅमेरा गळ्यांत अडकवून हिंडण्याचा नाद असल्यामुळें या विषयांत आमचा शब्द प्रमाण मानण्याची चाल घरांत पडली आहे. दोन संध्याकाळ त्याच्याशीं बोलण्यांत गेल्या. निघतांना चपला पायांत सरकवीत त्यानें विचारलें, "म्हणजे काका, परवडेल तितकी मोठी घ्यावी, एवढेंच ना?" आम्हीं "हो" म्हणण्यासाठीं तोंड उघडलें, आणि कोण जाणे कशामुळें, तें तसेंच मिटलें. त्या वेळीं जें उत्तर दिलें नाहीं तें देण्याचा हा प्रयत्न होय.

ज्या गोष्टींविषयीं वाद नाहीं त्या प्रथम सांगून टाकूं. लेन्सचा मोठेपणा दोन आंकड्यांनीं मोजतात. पहिला आंकडा नाभीय अंतराचा. ३५ मिलिमीटर फिल्मच्या आकाराच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स सुमारें ४७ अंशांचा देखावा पाहते. ४०० ची सुमारें ६ अंशांचा, आणि ६०० ची अवघ्या ४ अंशांचा. म्हणजे लेन्स मोठी होते तसें तिचें जग लहान होत जातें. दूरचा पक्षी जवळ येतो तो भोंवतालचें सर्व बाहेर टाकून. दुसरा आंकडा ॲपर्चरचा, म्हणजे प्रकाशास दिलेल्या दाराचा. आणि येथें गंमत अशी कीं, आंकडा जितका लहान तितकें दार मोठें. २·८ च्या दारांतून ५·६ च्या चौपट प्रकाश आंत येतो. मैदानावर दिवे लागले आहेत, फलंदाज पुढें सरसावला आहे, आणि त्याची फळी हवेंत थिजवावयाची तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागांत मिटलें पाहिजे. अशा वेळीं तो चौपट प्रकाश म्हणजे सर्वस्व. परंतु ४०० ला २·८ नें भागून पाहावें: दाराचा व्यास १४ सेंटिमीटरांहून अधिक येतो. एवढ्या रुंदीचीं निर्दोष भिंगें घडवावयाचीं म्हणजे लेन्सचें वजन तीन किलोंच्या घरांत आणि किंमत मोटारीच्या घरांत जाते. उलट २०० पासून ६०० पर्यंत जाणारी झूम लेन्स दोन किलोंच्या आसपास, आणि तिच्या मानानें पुष्कळ स्वस्त; मात्र लांब टोकास तिचें दार ६·३ इतकें अरुंद. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्यें खेळपट्टीच्या मध्यापासून सीमारेषा ५९ ते ८२ मीटर दूर असते, हें लक्षांत घेतलें म्हणजे सीमेबाहेर बसणाऱ्यास ४०० चीहि कधीं कधीं तोकडी कां वाटते तें कळेल.

बाकीच्या सोयी दुय्यम होत. मागें जोडावयाचा टेलिकन्व्हर्टर नाभीय अंतर १·४ पट वा दुप्पट करतो, पण पहिला प्रकाश निम्मा करतो व दुसरा चौथाईवर आणतो. फुकट कांहींच मिळत नाहीं. हाताचा कंप आवरणारी योजना १९९५ पासून या कॅमेऱ्यांच्या लेन्सांत आली. ती आपला कंप घालविते, फलंदाजाची उडी थांबवीत नाहीं. नवशिके याच ठिकाणीं फसतात. आणि वैशाखांत दुपारीं तापलेल्या जमिनीवरून हवेच्या लहरी उठूं लागल्या कीं मोटारीच्या किंमतीची लेन्सहि वाघाचे पट्टे पाण्यांत बुडविल्यासारखे थरथरते दाखविते. त्यावर पहांटे लवकर उठणें हाच उपाय. तो कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं.

हें सर्व आम्हीं पुतण्यास सांगितलें. १८९१ सालीं इंग्लंडांत डॅलमायर आणि जर्मनींत मीटे व स्टाइनहाइल यांनीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, पुढें बहिर्वक्र व मागें अंतर्वक्र भिंगांचा गट ठेवून लेन्सची लांबी तिच्या नाभीय अंतराहून कमी करण्याची युक्ति काढली, हेंहि सांगितलें. दूरचें जवळ पाहण्याची इच्छा फार जुनी; ती खांद्यावर टाकून नेण्याजोगी तेव्हांपासून झाली. परंतु त्याचा प्रश्न निराळाच होता. मोठी घ्यावी, एवढेंच ना?

महाभारताच्या आदिपर्वांत द्रोणाचार्य शिष्यांची परीक्षा घेतात ती कथा वाचकांस ठाऊक आहे. झाडाच्या शेंड्यावर कारागिरांकडून करविलेला एक कृत्रिम पक्षी बसविला आहे. आचार्य युधिष्ठिरास प्रथम बोलावून काय दिसतें म्हणून विचारतात. तो सांगतो, झाड दिसतें, आपण दिसतां, भाऊ दिसतात, पक्षीहि दिसतो. आचार्य नाराज होऊन त्यास बाजूस करतात. शेवटीं अर्जुन येतो. त्यास पक्ष्याचें डोकेंच तेवढें दिसतें. लोकांच्या तोंडीं त्या डोक्याचा डोळा झाला आहे. अर्जुन उत्तीर्ण होतो. ही कथा आम्हांस लहानपणीं एकाग्रतेचा पाठ म्हणून सांगण्यांत आली, आणि परीक्षांचा हंगाम आला कीं आम्हींहि ती वर्गांत न चुकतां सांगत आलों. टेलिफोटो लेन्स म्हणजे अर्जुनाचें उत्तर विकत घेण्याची सोय होय. डोळा स्पष्ट आला नाहीं तर पक्ष्याचें चित्र फुकट, असा या कलेंतला पहिला धडा आहे. आणि हल्लींच्या कॅमेऱ्यांत तर पक्ष्याचा डोळा शोधून त्यावर आपोआप नेम धरणारी योजनाहि असते. आतां खुद्द कॅमेराच अर्जुन झाला असून धनुष्य धरणारानें बोट तेवढें दाबावयाचें राहिलें आहे.

पण युधिष्ठिराचें काय? बाण मारावयाचा असतां झाड पाहणें हा दोष खरा. ज्यास बाण मारावयाचा नसून केवळ पाहावयाचें आहे, त्याच्या बाबतींतहि तो दोषच काय? पुढें वनपर्वांत यक्षाच्या सरोवराकांठीं चौघे भाऊ निष्प्राण पडलेले असतात. एकास उठवितों, असें यक्ष म्हणतो. आणि युधिष्ठिर भीम मागत नाहीं, अर्जुन मागत नाहीं, नकुल मागतो. कुंतीचा एक पुत्र जिवंत आहे, माद्रीचाहि एक असावा. परीक्षेच्या दिवशीं ज्यास आपले भाऊ दिसत होते, त्यालाच या वेळीं केव्हांच चितेवर गेलेली माद्री दिसली. चार अंशांत माद्री मावत नाहीं.

आमच्या एका सहकाऱ्यांस हें बोलणें अलंकारिक वाटलें. छायाचित्रांत काय, जें समोर असतें तेंच येतें, असें त्यांचें म्हणणें. त्यांस आम्हीं एक प्रसिद्ध चित्र दाखविलें. १३ जून १९८२ रोजीं बार्सिलोना येथें विश्वचषक फुटबॉलचा पहिला सामना अर्जेंटिना व बेल्जियम यांच्यांत झाला. स्टीव्ह पॉवेल या छायाचित्रकारानें त्यांत टिपलेलें एक चित्र जगभर गाजलें: पाठमोरा मॅराडोना, त्याच्या पायापाशीं चेंडू, आणि समोर सहा बेल्जियन खेळाडू धास्तावलेल्या नजरेनें त्याच्याकडे पाहत आहेत. एकटा वीर आणि त्यास घेरणारें सैन्य. चक्रव्यूहांतला अभिमन्यूच जणूं. वस्तुस्थिति अशी कीं, अर्जेंटिनास नुकतीच फ्री किक मिळाली होती. ती अडविण्यासाठीं बेल्जियमचे खेळाडू नेहमींप्रमाणें भिंत करून उभे होते. चेंडू सरळ न मारतां हलकेच मॅराडोनाकडे सरकविण्यांत आला, आणि भिंत मोडून ते सहाजण त्याच्याकडे वळत असतांनाचा तो क्षण आहे. एकट्या मॅराडोनासाठीं सहा माणसें कोणीं ठेवलीं नव्हतीं. सामनाहि बेल्जियमनें १–० असा जिंकला. चित्रांत खोटें एक रेषहि नाहीं. फक्त झाड नाहीं.

२०२० सालीं महामारीच्या दिवसांत रस्त्यांवरील गर्दीचीं चित्रें पाहून लोक लोकांवर संतापूं लागले, तेव्हां डेन्मार्कमधील दोन वृत्तछायाचित्रकारांनीं एकच रांग दुरून लांब लेन्सनें आणि निराळ्या जागेवरून रुंद लेन्सनें टिपून तीं चित्रें शेजारीं शेजारीं ठेवलीं. पहिल्यांत माणसें एकमेकांस चिकटलेलीं, दुसऱ्यांत चांगलीं हातहात अंतर राखून उभीं. हा गुण खरें म्हणजे लेन्सचा नव्हे. दुरून पाहिलें कीं एकामागें एक असलेल्या वस्तूंमधलें अंतर मिटल्यासारखें दिसतें, आणि लांब लेन्स आपणांस दूर उभें राहूं देते, इतकेंच. पण घरीं बसून रागावणाऱ्यास ही भूमिति कोण सांगणार?

येथपर्यंत झालें तें सत्याविषयीं. परंतु आम्हांस अधिक टोंचणारी गोष्ट दुसरी आहे. जिचें चित्र घ्यावयाचें त्या जिवाचें आपण कांहीं देणें लागतों कीं नाहीं? या बाबतींत मैदान आणि रान यांत एक मोठा फरक आहे, आणि लेन्सच्या जाहिराती दोहोंस एकाच दमांत जोडीत असल्यामुळें तो ध्यानांत येत नाहीं. खेळाडू लोकांनीं पाहावें म्हणूनच मैदानांत उतरतो. छायाचित्रकार ऐंशीं मीटरांवर बसला काय कीं चाळीस मीटरांवर बसला काय, त्यास सारखेंच. त्यास जर कशाची पर्वा असेल तर ती चित्राची: शून्यावर बाद होऊन परततांना त्याच्या डोळ्यांत आलेलें पाणी, जें भरलेल्या मैदानांत कोणाहि प्रेक्षकास दिसलें नाहीं, तें ६०० मिलिमीटरची लेन्स उद्यां घरोघर पोंचविणार आहे. पक्ष्याचें याच्या नेमकें उलट. चित्राचें त्यास कांहींच नाहीं. त्यास पर्वा आहे ती अंतराची. म्हणून जी लेन्स पक्ष्यास अभय देते तीच माणसाच्या बाबतींत आगळीक करूं शकते. खेळाडूचे अश्रु टिपूंच नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. हजारो लोकांच्या टाळ्या घेणाऱ्यानें थोडें उघडें पडण्याची तयारी ठेवावी. तथापि राखीव बांकावर टॉवेलाआड तोंड लपवून बसलेल्या पोराचें चित्र छापतांना हात क्षणभर अडखळावा एवढी अपेक्षा अवाजवी नाहीं.

रानांत मात्र लांब लेन्सची बाजू बळकट आहे, हें मोकळेपणानें कबूल केलें पाहिजे. संयुक्त प्रांतांतील वनाधिकारी एफ्. डब्ल्यू. चॅम्पियन यानें १९२७ सालीं 'विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याच्याजवळ आजच्यासारख्या लेन्स नव्हत्या. वाघाच्या वाटेवर तार ताणून ठेवावयाची. रात्रीं पाय लागला कीं प्रकाश चमके आणि वाघ आपलें चित्र आपणच काढून घेई. बंदूक खालीं ठेवून कॅमेरा उचलणाऱ्यांत तो अग्रेसर होता. परंतु दिवसाउजेडीं, वाघास अगर पाखरास कळूं न देतां, त्याच्या चालत्या दिनक्रमास धक्का न लावतां पाहावयाचें तर दूर राहूनच पाहिलें पाहिजे. आणि दूर राहून पाहण्याची किंमत म्हणजे लेन्सची किंमत. या अर्थानें मोठी लेन्स ही एक प्रकारची दक्षिणाच होय. पुतण्यानें हा युक्तिवाद आपण होऊन केला होता, आणि आम्हीं मान डोलावली होती. मग तोंड मिटलें तें कां?

आमच्या दिवाणखान्यांत पश्चिमेच्या भिंतीवर एक मोठें चित्र टांगलेलें आहे. सहा वर्षांपूर्वींच्या माघांत आम्ही भिगवणास गेलों होतों. उजनी धरणाचें पाणी तेथें दूरवर पसरलेलें असतें आणि हिवाळ्यांत त्यांत रोहित पक्षी, ज्यांस कोणी अग्निपंखहि म्हणतात, थव्याथव्यांनीं उतरतात. पहांटे नाव केली. धुकें विरळ होत होतें. माना पाण्यांत वांकवून, चोंची उलट्या धरून दोन-तीनशें पक्षी चिखल गाळीत होते. आमच्याजवळ ३०० मिलिमीटरची लेन्स होती; तींतून तो थवा म्हणजे गुलाबी ठिपक्यांची एक ओळ दिसे. नावाड्यानें वल्हें थांबविलें आणि हलक्या आवाजांत विचारलें, "साहेब, उडवूं का?"

आम्हीं "हो" म्हटलें नाहीं. "नको" असेंहि म्हटलें नाहीं. आम्हीं कॅमेरा डोळ्यास लावला. नावाड्यास तें उत्तर पुरेसें होतें.

चित्र उत्तम आलें. उघडलेल्या पंखांतला लाल आणि काळा रंग, पाण्यावर धांवणारे पाय, मागें धुकें. कोणीहि पाहुणा आला कीं त्यापुढें थांबतो. चित्र टांगलें त्या दिवशीं सौभाग्यवतींनीं हात पुसत पुसत तें पाहिलें आणि विचारलें, "एवढे सगळे एकदम कुठें निघाले होते हो?" आम्हीं म्हणालों, "कुठेंच नाहीं." त्या आंत गेल्या. त्यांनीं तो प्रश्न पुन्हां कधीं विचारला नाहीं, आणि आम्ही तो विसरलों असेंहि झालें नाहीं.

मराठींत छायाचित्र 'काढतात'. विहिरीचें पाणी काढतात, पायांतला कांटा काढतात, आणि कर्जहि काढतात. त्या सकाळीं आम्हीं काढलें तें यांपैकीं कोणत्या जातीचें, हें आम्हांस कळत नव्हतें असें नाहीं. त्या पाखरांची न्याहरी मोडली. एवढें जड शरीर पाण्यावरून धांवत उचलण्यास जी शक्ति लागली ती त्यांनीं भल्या पहांटेपासून कण कण गाळून मिळविलेली होती. दिवसांतून एकच नाव गेली असती तर गोष्ट निराळी. आमच्या मागें आणखी चार नावा होत्या.

इतके दिवस आम्ही मनाचें समाधान करीत होतों तें असें: लेन्स तोकडी होती म्हणून जवळ जावें लागलें, ६०० ची असती तर नावाड्यास थांबविलें असतें. पुतण्याच्या प्रश्नानें हेंच समाधान उघडें पाडलें. ६०० ची असती तर थवा भरपूर मोठा दिसला असता. आणि मग आम्हांस थवा नको, एकच पक्षी हवा झाला असता. पक्षी मिळाल्यावर त्याचा डोळा. ययातीच्या तारुण्यासारखें हें आहे; वाढवून मिळालें म्हणून पुरलें असें होत नाहीं. ३१ डिसेंबर २०२४ रोजीं आपल्याच विदर्भांत, उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यांत, एक वाघीण आणि तिचे पांच बछडे यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनीं दोहों बाजूंनीं अडविली. पुढें मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें आपण होऊन त्या प्रकाराची दखल घेतली. जो फिरत होता तो चित्रपट आम्हींहि पाहिला. साधनें तोकडीं म्हणून त्या गाड्या इतक्या जवळ गेल्या, असें म्हणणें धाडसाचें होईल. वाघीण पाहणें वेगळें, आणि वाघिणीपाशीं आपण होतों हें दाखविणें वेगळें. दुसऱ्या इच्छेस पुरेल एवढें नाभीय अंतर अद्याप निघालेलें नाहीं.

तेव्हां पुतण्यास आम्हीं काय सांगावें? मोठी घेऊं नकोस म्हणणें हें ढोंग होईल. लहान लेन्स घेऊन आम्हीं काय केलें तें वर सांगितलेंच आहे. आमचा सल्ला अखेर २०० ते ६०० च्या झूम लेन्सकडे झुकला. ६·३ च्या दारानें दिव्यांखालचे सामने नीट यावयाचे नाहींत, हें खरें. वर्षांतून दोन-चार सामन्यांसाठीं मोठ्या दाराची लेन्स भाड्यानें आणावी, पुण्यांत तशी मिळते. आमचें कारण निराळें आहे. एकाच नाभीय अंतराची भारी लेन्स डोळ्यास लावली कीं तिला मागें सरतां येत नाहीं. झूमची कडी उलट फिरविली तर ४ अंशांचे १२ होतात. पक्षी लहान होतो, आणि तो ज्या फांदीवर आहे ती फांदी, फांदीवरचें घरटें, शेजारची पाण्याची रेघ, आणि क्वचित् त्याच पक्ष्यावर रोखलेल्या दुसऱ्या दहा लेन्सा, हें सारें चौकटींत येऊं लागतें. लोक झूम घेतात ती पुढें जाण्यासाठीं. त्यानें ती कधीं कधीं मागें येण्यासाठीं वापरावी. तो तशी वापरील याची हमी आम्ही देऊं शकत नाहीं, आणि त्याच्याकडे ती मागण्याचा अधिकारहि आमच्याकडे फारसा उरलेला नाहीं.

गेल्या आठवड्यांत त्यानें लेन्स घेतली. खोकें उघडून प्रथम तो आमच्याच दिवाणखान्यांत आला, खिडकींतून समोरच्या शिरिषावरील तांबटाचा डोळा त्यानें आम्हांस दाखविला, आणि खरें सांगावयाचें तर पुढचीं दहा मिनिटें आम्हीं ती लेन्स त्याच्या हातीं परत दिली नाहीं. येत्या रविवारीं आम्ही दोघे भिगवणास जाणार आहोंत. नावाडी बहुधा तोच असेल. थव्याजवळ आल्यावर तो वल्हें थांबवील आणि विचारील. आणि या खेपेस कॅमेरा पुतण्याच्या हातांत असल्यामुळें आमचें तोंड मोकळें असणार आहे.